अरबी समुद्राचा ‘निर्जीव’ तळ : एका संज्ञेचा इतिहास

समुद्रतळावरील प्राणिजीवनाच्या अभ्यासात ‘निर्जीव’ ही संज्ञा दोनदा अवतरली आणि दोन्ही वेळा ती मागे घ्यावी लागली. पहिल्या वेळी चूक अनुमानाची होती. दुसऱ्या वेळी ती बव्हंशी साधनांची होती. दुसरा प्रसंग अरबी समुद्रातला असल्यामुळे, आणि त्यातून निघालेला प्रश्न कोकण-गोव्याच्या किनाऱ्याशी आजही निगडित असल्यामुळे, त्याचा क्रमवार परामर्श घेणे उचित ठरेल.

एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ मध्ये ‘बीकन’ जहाजावरून एजियन समुद्राचा तळ खरवडला. खोली वाढते तसतसे प्राणी विरळ होतात, असे त्यास आढळले. त्याची जाळी २३० फॅदमपर्यंतच पोहोचली होती. तरी विरळतेचे तेच प्रमाण पुढे चालवून ३०० फॅदम, म्हणजे सुमारे ५५० मीटर, याखाली जीवन शून्यावर येत असावे असा निष्कर्ष त्याने काढला. ‘चॅलेंजर’ मोहिमेने (१८७२-७६) हजारो मीटर खोलीवरून जिवंत प्राणी वर आणले, तेव्हा हे मत कायमचे निकालात निघाले.

यानंतर सुमारे साठ वर्षांनी हीच संज्ञा पुन्हा उचलली गेली, ती मात्र प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे. १९३३ च्या सप्टेंबरात ‘मबाहिस’ हे इजिप्तचे जहाज अलेक्झांड्रियाहून निघाले. ‘जॉन मरे मोहीम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सफरीचे नेतृत्व सेमूर सेवेल यांच्याकडे होते. भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे संचालकपद भूषविलेले सेवेल या समुद्राशी सुपरिचित होते. अरबस्तानच्या किनाऱ्यालगत काही शे मीटरांपासून हजार-बाराशे मीटरांपर्यंतच्या तळावरून ओढलेली जाळी जवळजवळ रिकामी येत, आणि त्याच थरातील पाण्यात प्राणवायू अत्यल्प असे. खोली नव्हे, तर प्राणवायूची टंचाई येथे जीवनाची मर्यादा ठरवते, हे या मोहिमेने दाखविले. तिचे खरे श्रेय हेच होय.

या टंचाईची कारणे भूगोलात आहेत. उत्तरेस आशिया खंडाने बंदिस्त असलेल्या या समुद्राच्या मध्यम खोलीवर येणारे पाणी दुरून येते व वाटेतच बराच प्राणवायू गमावून बसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येऊन पृष्ठभागी वनस्पतिप्लवकांची प्रचंड वाढ होते. त्यांचे अवशेष बुडताना कुजतात आणि उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो. यामुळे साधारण १५० ते १,२०० मीटरांच्या दरम्यान प्राणवायूचा दुष्काळ असलेला थर कायम राहतो.

हा थर खोल समुद्रापुरताच मर्यादित नाही, ही गोष्ट मुंबईच्या निरीक्षणांतून पुढे आली. कॅरदर्स, गोगटे, नायडू व लेवास्तू यांनी १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मुंबईसमोर अल्पप्राणवायूचे पाणी उतारावरून किनाऱ्याकडे चढते, असे दाखवून मत्स्यव्यवसायावरील त्याच्या परिणामांची चर्चा केली. याच सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेस (१९५९-६५) आरंभ झाला आणि तिच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील दोना पावला येथील या संस्थेचे नक्वी व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुमारे १.८ लाख चौ. किमी. क्षेत्रात अशी स्थिती उद्भवते. १९९९ च्या सप्टेंबरात तर तळालगत हायड्रोजन सल्फाइडही आढळला होता.

मग या तळावर राहते कोण? १९९४ मध्ये ओमानच्या उतारावरील गाळ उचलून बारीक चाळणीने चाळण्यात आला, तेव्हा उत्तर अनपेक्षित निघाले. ४०० ते १,००० मीटरांच्या टापूत दर चौरस मीटरास सुमारे ५,८०० ते १९,००० लहान प्राणी होते. त्याखालच्या, प्राणवायू अधिक असलेल्या तळावर ते सुमारे १,८०० ते २,५०० एवढेच होते. मात्र वरच्या गर्दीत ८६ ते ९९ टक्के वलयी कृमी होते. असे बारीक कृमी मोठ्या जाळ्यांतून निसटणे स्वाभाविकच होय. इंगोले व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही भारताच्या पश्चिम उतारावर कृमींचेच प्राबल्य व जातींच्या विविधतेची घट दिसून आली.

अल्प प्राणवायू तळ ओसाड करण्यापेक्षा त्याची निवड करतो, असे यावरून म्हणता येते. कवचधारी मृदुकाय, कंटकचर्मी व मोठे संधिपाद मागे हटतात. बारीक अंगाचे, विस्तृत कल्ल्यांचे कृमी आणि फोरॅमिनीफेरा टिकतात. भक्षक कमी व अन्न मुबलक असल्यामुळे त्यांची संख्या फोफावते. थराच्या खालच्या काठाशी प्राणवायू किंचित वाढताच मोठे प्राणी परततात. १८९१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाच्या संग्रहावरून वर्णिलेल्या ‘एन्सेफॅलॉइडीस आर्मस्ट्राँगी’ या खेकड्याचे ओमानसमोर हजार मीटरांच्या आसपास आढळलेले दाट समूह हे याचेच उदाहरण. जेथे प्राणवायू जवळजवळ नाहीसा होतो, तेथे गाळ उकरणारे प्राणीही उरत नाहीत. पाकिस्तानच्या उतारावर वर्षानुवर्षांचे थर त्यामुळे अबाधित राहिले व मोसमी पावसाच्या इतिहासाचे साधन बनले.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. खोल उतारावरील टंचाई कायमची असल्याने तिच्याशी जुळवून घेतलेली जीवसृष्टी तेथे वसली आहे. किनाऱ्यालगतची टंचाई मात्र दरवर्षी येते व जाते. तेथील मासे स्थलांतर करतात. ज्यांना हलता येत नाही ते मरतात, आणि पाणी निवळल्यावर अल्पायुषी, झपाट्याने वाढणाऱ्या जाती रिकामी जागा व्यापतात. ओमानच्या आकड्यांवरून कोकणच्या तळाविषयी निश्चिंत होणे म्हणजे फोर्ब्सचीच चूक उलट दिशेने करणे होय.

विष्णुपुरीवरून वाहणारी गोदावरी ज्या बंगालच्या उपसागरास मिळते, तेथेही असा थर आहे. पण त्यात प्राणवायूचा अत्यल्प अंश शिल्लक राहतो, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनी दाखविले. नद्यांच्या गाळाच्या भाराने सेंद्रिय कण लवकर बुडतात व मधल्या थरात कमी कुजतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. जगाच्या महासागरांनी १९६० पासून सुमारे दोन टक्के प्राणवायू गमावला आहे. तेव्हा या तळांचे वर्णन करताना ‘निर्जीव’ किंवा ‘मृत’ अशा संज्ञांवर विसंबून चालणार नाही. कोणते प्राणी, किती प्राणवायूत, वर्षाचा किती काळ तग धरतात, याची दीर्घकालीन नोंद ठेवणे हेच अभ्यासकांपुढील कार्य आहे.