विहिरीत पोहल्यावर कोरोना होतो का?

तळेगाव ढमढेऱ्यातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

२०२०च्या एप्रिलमध्ये आमच्या गटाची बैठक बंद होती. हप्ते थकलेले, जे काय बोलणं ते फोनवर. तेव्हा एका ताईंनी विचारलं, "अगं, शाळा बंद झाल्यापासून पोरं दिवसभर विहिरीत डुंबतात. विहिरीत पोहल्यावर कोरोना होतो का गं?" आम्हाला धड उत्तर देता आलं नाही. "पोरांना घरातच ठेवा" एवढं म्हणून फोन ठेवला. प्रश्न मात्र मनात राहिला. आज त्याचंच बोलू.

९ मार्च २०२०ला पुण्यात कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला सरकारने साथरोग कायदा लावला आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, मुंबई, नागपूर अशा शहरांत सिनेमागृहं, व्यायामशाळा आणि पोहण्याचे तलाव बंद केले. हा कायदा १८९७चा, प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी १० मार्चला आपल्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आलाय पोहण्याचा तलाव? खरंय. आपला तलाव म्हणजे विहीर, वेळ नदीचा डोह, बंधारा आणि चासकमानच्या कालव्याला आवर्तन सुटलं की कालवा. त्यांना कुलूप कोण लावणार?

पाण्याला माणूस घाबरला त्याला कारण होतं. आपल्या आज्या पटकीच्या गोष्टी सांगायच्या. सकाळी चांगला असलेला माणूस संध्याकाळपर्यंत जायचा. १८८४ साली रॉबर्ट कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरांना पटकीचा जंतू कलकत्त्याच्या एका तळ्यात सापडला. त्या तळ्यात लोक अंघोळ करत, रोग्याचे कपडे धूत आणि तेच पाणी पीत. आपल्याकडेही पंढरपूरच्या यात्रेत पटकी पसरे आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव जाई.

पुढे पाण्यात क्लोरीन घालायला लागले, तसा धोका कमी झाला. पण तेवढ्याने निभत नाही, हे दिल्लीने दाखवलं. १९५५-५६च्या हिवाळ्यात यमुनेचं पाणी जिथून उचलत तिथे गटाराचं पाणी घुसलं. क्लोरीन वाढवलं, त्यामुळे टायफॉइड फारसा वाढला नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती विषाणूची कावीळ होती. हिला आज हिपॅटायटिस ई म्हणतात. ती गरोदर बाईच्या जिवावर उठते, म्हणून आम्ही जरा जोर देऊन सांगतोय. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत या काविळीवर वर्षानुवर्षं काम झालंय. जानेवारी २०२०मध्ये देशातला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला, तो केरळात. त्याचीही खात्री याच संस्थेने केली.

मग कोरोनाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की पाण्यातून किंवा पोहण्यातून हा विषाणू पसरत नाही. तो माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून जवळच्या माणसाकडे जातो. त्याच्याभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. तलावाच्या पाण्यातलं क्लोरीनही त्याला पुरतं. भीती पाण्याची नव्हतीच, काठावरच्या गर्दीची होती. म्हणजे विहिरीच्या थारोळ्यावर दाटीने बसून गप्पा मारणारी पोरं आणि, खरं सांगायचं तर, कालव्यावर धुणं धुताना खेटून बसणाऱ्या आपण. आम्हाला त्या महिन्यांत सगळ्यात जास्त काय सलत होतं, तर ते धुण्यावरचं बोलणं बंद झालं हेच. घरातलं दुखणं सांगायला बाईला दुसरी जागा कुठली?

त्या आषाढीला वारीही झाली नाही. ३० जून २०२०ला माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आपली वेळ नदी भीमेला मिळते आणि तीच भीमा पुढे चंद्रभागा होते. पाणी वाहत गेलं, वारकरी मात्र घरी राहिले. शहरातले तलाव नोव्हेंबरात उघडले, तेही आधी फक्त स्पर्धेतल्या खेळाडूंसाठी.

एका रोगाच्या धास्तीत बाकीचं सुटतं, हे आम्ही पाहिलं. भाजी मिठाच्या पाण्यात धुतली, पैशांच्या नोटा उन्हात वाळवल्या, पण पिण्याच्या विहिरीत टीसीएल पडली का, हे विचारायला आम्हीच विसरलो. टीसीएल ओल्या, उघड्या जागी ठेवली तर तिचा जोर जातो. आधी बादलीत कालवायची, निवळू द्यायची, वरचं पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर उपसा करायचा नाही. मग ओटीची चाचणी करायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या गावच्या त्या पाच कोण, ते ग्रामपंचायतीत जाऊन विचारा.

आणि बुडण्याचं तर बोलायलाच हवं. शेततळ्याचा कागद शेवाळला की पाय ठरत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. म्हणून कडेला खुंटीला गाठी मारलेला दोर कायम बांधलेला हवा. कुणी बुडताना दिसलं तर पोहता न येणाऱ्या बाईने उडी घ्यायची नाही. आरडाओरडा करायचा आणि काठावर आडवं पडून दोर टाकायचा, नसेल तर साडी सोडून तिचं टोक टाकायचं. त्या वेळी लाज धरू नका.

आमच्या पिढीत भावांना पाठीला भोपळा बांधून विहिरीत ढकललं जायचं आणि आम्ही त्यांचे कपडे सांभाळत वर उभ्या. पण धुणं धुवायला, मोटार चालू करायला, शेततळ्यातून घागर भरायला पाण्याजवळ जास्त जातं कोण?

परवा त्या फोनवाल्या ताईंच्या मळ्यात गेलो होतो. त्यांची नऊ वर्षांची नात विहिरीत पोहायला शिकत होती. भोपळा मिळाला नाही म्हणून पाठीला तेलाचा रिकामा कॅन, बरोबर पाण्यात तिचा मामा. ताई पायरीवर बसून होत्या, दोराचं टोक मनगटाला गुंडाळून. आम्ही म्हटलं, "ताई, तुम्हीपण उतरा की." म्हणाल्या, "आधी हिचं होऊ दे."