मांजरीची पिल्लं, चतुर्दशी आणि ‘छेद’



गेले पंधरा दिवस काही लिहिलं नाही, कारण आमच्या मागच्या पडवीत आंब्याच्या पेटीत दोन पेशंट होत्या. पाच महिन्यांच्या दोन मांजरी, सख्ख्या बहिणी. दोघींचं ऑपरेशन झालं, पिल्लं होऊ नयेत म्हणून.

भाट्यात मांजरांना तोटा नाही. खाडीपलीकडे राजिवड्याला मासळी, अलीकडे नारळाच्या बागा आणि सुरूचं बन. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ही मांजरं हडकून जातात, पण विणं काही थांबत नाही. मांजरीचे दिवस भरायला जेमतेम नऊ आठवडे लागतात आणि चार-पाच महिन्यांची पोर स्वतःच आई होऊ शकते. या दोघींच्या आईची आधीची दोन वेत मी पाहिली आहेत. त्यातली बहुतेक पिल्लं पुलाकडच्या रस्त्यावर गेली. एक तर माझ्या पाठशाळेतल्या मुलींच्या डोळ्यांदेखत. त्या दिवशी ठरवलं.

डॉक्टरांनी तारीख दिली. सासूबाईंनी कॅलेंडर पाहिलं. "अगं, चतुर्दशी आहे. आणि चतुर्दशीला छेद?"

छेद हा शब्द त्यांनी सहज नव्हता वापरला. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, ते आपल्याला पाठ असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मी मनात मोजू लागले. पिंजऱ्यात ठेवायचं, म्हणजे बंध. पोट चिरायचं, म्हणजे छेद. भूल द्यायची म्हणून काही तास उपाशी ठेवायचं, म्हणजे अन्नपाननिरोध. पाचापैकी तीन एकाच दिवशी! मी तारीख पुढे ढकलली आणि स्वाध्यायाला बसले.

तिथे आणखीच अडचण. तेराव्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतात श्रावकाने करू नयेत अशा पंधरा खरकर्मांची यादी आहे. श्वेतांबर परंपरेत त्यांना कर्मादान म्हणतात. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात ती सविस्तर आहेत. त्यातलं एक ‘निर्लांछन’, म्हणजे जनावरांना टोचणं, डागणं, खच्ची करणं. आणि दुसरं ‘असतीपोषण’, म्हणजे हिंसक जीव पोसणं. हेमचंद्रांच्या यादीत तर मांजराचं नावच आहे. माझ्या पडवीतल्या पेटीत ही दोन्ही खरकर्मं शेजारी शेजारी झोपायची होती.

पण यादीचं शीर्षक नीट वाचा. हे सगळे धंदे आहेत, पोटासाठी आणि नफ्यासाठी केलेले. निर्लांछन म्हणजे काय होतं, हे आपल्यातल्या शेतकरी घरच्या बायकांना सांगायला नको. माझ्या माहेरी सांगलीकडे गोऱ्ह्याचा बैल करायला ‘बडवणे’ म्हणतात. पाय बांधून, खाली पाडून, शुद्धीत असलेल्या जनावराचे वृषण ठेचायचे. फायदा मालकाचा, कळ जनावराची. आशाधरांनी आणि हेमचंद्रांनी हे पाहिलं असणार, आणि आपल्या लोकांना त्या कमाईपासून दूर ठेवलं.

आता चतुर्दशीचं ऐका, हे वाचून मी सासूबाईंना हाक मारली. सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख त्याच्या राज्याभिषेकाला 26 वर्षं झाल्यावर कोरलेला आहे. अशोक बौद्ध, आपला नव्हे, पण तिथी पाहा. पक्षाची अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या, तीन चातुर्मासी आणि इतर काही दिवशी बैल, बोकड, मेंढा, डुक्कर यांना खच्ची करू नये, अशी त्यात आज्ञा आहे. कोंबड्याला तर कधीच नाही. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या, डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतली पिल्लं मारायची नाहीत. ठरावीक तिथींना मासेही मारायचे-विकायचे नाहीत. हा लेख असलेला एक खांब फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याहून दिल्लीला आणला, तो आजही तिथे उभा आहे. आपल्या कोकणपट्टीत सोपाऱ्याला अशोकाच्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना सापडला, पण तो वेगळा लेख. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बघ, राजालासुद्धा चतुर्दशी कळत होती."

मग पांजरपोळ. जून 1832 मध्ये मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून दंगा झाला. पुढे पारशी होते, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. पण हिंदू, जैन, मुसलमान व्यापाऱ्यांनीही दुकानं बंद ठेवली. दोनच वर्षांत, 1834 मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. मारू नका, आम्ही पोसतो, हे त्या काळचं उत्तर. मोठं उत्तर होतं. पण पांजरपोळाला भिंत असते आणि जन्माला नसते. मरेपर्यंत पोसायचं म्हटलं, तर मागून येणाऱ्यांना जागा कुठून आणायची?

नवं उत्तर शक्य झालं ते भुलीमुळे. 1846 मध्ये बोस्टनला ईथर देऊन माणसावर शस्त्रक्रिया करून दाखवली गेली. पुढे मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचं हॉस्पिटल झालं आणि 1886 मध्ये पशुवैद्यकीय कॉलेज. तरीही पालिका कुत्री मारतच राहिल्या. देशभरासाठी कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम झाले ते 2001 मध्ये: पकडा, ऑपरेशन करा, लस द्या, होती तिथेच सोडा. नियमांच्या नावात कुत्रीच होती. मांजरांचं ज्याने त्याने बघायचं.

तर आम्ही बघितलं. घरी आणल्यावर दोघी थंडगार होत्या. एवढ्याशा जिवाला भुलीनंतर लगेच गारठा येतो. सासूबाईंच्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पेटीत घातला आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली. नीट शुद्धीवर आल्यावर थोडंसं पाणी, मग थोडं खाणं. पिल्लांना मोठ्यांसारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नसतं, रक्तातली साखर उतरते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. अन्नपाननिरोध झाला तो तीन-चार तासांचाच.

डाव्या कुशीवर केस काढलेली जागा आणि तीन टाके. गळ्यात चाडीसारखी कॉलर, चाटू नये म्हणून. तिसऱ्या रात्री धाकटी फार रडली, मला दया आली आणि मी कॉलर काढली. सकाळी एक टाका सुटलेला, जागा लाल आणि ओली. पुन्हा डॉक्टर, पुन्हा टोचणं. माझ्या त्या दयेने तिला दुसऱ्यांदा त्रास झाला, त्याची आलोचना मी वेगळी केली.

मैत्रिणींनो, हळद लावू नका, ती चाटून जागा चिघळते. डेटॉल, फिनेल जवळही नको. आणि आपली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, चुकूनही नाही. मांजर एका गोळीनेही मरतं. दहा दिवस अंघोळ नाही, उड्या नाहीत. पावसाळी दमट हवेत पेटीतलं फडकं दिवसातून दोनदा बदला. जखम सुजली, वास आला किंवा चोवीस तासांनंतरही खाईनात, तर थांबू नका.

खाण्याचं मात्र मला सुटलं नाही. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसातच असतं. त्यावाचून डोळे जातात, हृदय कमजोर होतं. दूधभाकरीवर मांजर ठेवणं म्हणजे तिला हळूहळू मारणंच. शेजारच्या काकींनी कुंपणाजवळ त्यांच्या बाजूला मासळी उकडून ठेवली आणि मी दोघींना उचलून तिथे नेत राहिले. आमच्या पडवीत काही शिजलं नाही, हे खरं. पण कुंपणापर्यंत पावलं माझीच गेली, हेही खरं. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी, यातल्या कुठल्या खान्यात ती पावलं घालायची, हे मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "महाराज चातुर्मासात विहार करत नाहीत, सांगलीला आहेत. तू गेलीस की विचार."

काल टाके निघाले. थोरली थेट नारळावर अर्ध्यापर्यंत चढली आणि खाली उतरता येईना. काकींचा मुलगा शिडी घेऊन आला.