मुंगसाची बदली

मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, असं आमच्याकडे घरोघर मानतात. मांजर आडवं गेलं की लोक चार पावलं मागे येतात, आणि मुंगूस दिसलं तर पोरं त्याला तोंड दाखवण्यासाठी देवाची शपथ घालतात. पंचतंत्रात बाळाच्या पाळण्याजवळ सापाला मारणाऱ्या मुंगसानं तर साऱ्या जातीची अब्रू कायमची वाढवून ठेवली आहे. अशा सज्जनाचं नाव जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत वाचलं, तेव्हा वाड्यातल्या एखाद्या पापभीरू काकांचा फोटो पोलीस चौकीच्या भिंतीवर पाहावा तसं मला झालं.

खुलासा करतो. हे यादीतलं मुंगूस म्हणजे आपल्या कुंपणातलं करडं नव्हे. त्याचा लहान चणीचा चुलतभाऊ. पण भाऊबंदकीत इस्टेट एकाला मिळते आणि बदनामी सगळ्यांना.

प्रकरण सुरू झालं जमैकात. तिथले उसाचे मळे उंदीर फस्त करीत. हे उंदीर तरी कुठले? गोऱ्यांच्याच गलबतांतून उतरलेले! त्यांच्या बंदोबस्तासाठी १८४४ साली बाहेरून थोराड भेक आणले होते. बेडकानं उंदीर मारावा ही कल्पना ज्याला सुचली, त्यानं आयुष्यात दोहोंपैकी एकच प्राणी पाहिला असावा. अखेर १८७२ साली विल्यम बॅन्क्रॉफ्ट एस्पूट नावाच्या मळेवाल्यानं कलकत्त्याहून नऊ मुंगसं मागवली. चार नर, पाच माद्या. नवे लोक कामावर रुजू झाले, उंदीर घटू लागले, आणि साहेबांनी १८८२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्यांचं भरभरून कौतुक मांडलं. वरिष्ठांनी असा शेरा मारला की बदल्या व्हायच्याच. १८८३ साली हवाई बेटांवर जमैकातून ७२ मुंगसं गेली.

एक बारीकशी गोष्ट मात्र कुणी विचारली नव्हती: कामाची वेळ. हे मुंगूस पक्कं दिवसपाळीचं. ऊन पडलं की निघतं, दिवेलागणीला बिळात. उंदीर मुख्यतः रात्रपाळीचे. शिवाय जमैकातले काही उंदीर सरळ झाडावर राहायला गेले. आणि झाडावर चढणं हे काही मुंगसाचं कसब नव्हे. मग पोटाचं काय? जमिनीवर घरटी करणारे पक्षी होते, त्यांची अंडी होती, सरडे होते. लाखो वर्षांत असला पाहुणा न पाहिल्यामुळे पळायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जमैकाची मोठी घोरपडीसारखी इग्वाना तर १९४०च्या दशकात संपली असंच धरून चालले होते. १९९० साली रानडुकरांच्या शिकाऱ्याच्या कुत्र्यानं एक जिवंत पकडून आणली, तेव्हा कळलं की थोड्या उरल्यात. आता त्यांची पिल्लं पिंजऱ्यात वाढवून, मुंगसाच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाल्यावर रानात सोडतात!

हवाईतल्या कवाई बेटाची गोष्ट वेगळी. धक्क्यावर मुंगसांची पेटी उतरली, एक मुंगूस हमालाला कडाडून चावलं, आणि त्यानं रागानं अख्खी पेटी समुद्रात भिरकावली, असं सांगतात. ही दंतकथा असेलही. पण तिथे मुंगसाचा संसार बसला नाही आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी टिकले, हे खरं. त्या हमालाचा पुतळा उभारायला माझी वर्गणी देण्याची तयारी आहे.

एवढं सगळं छापून आल्यावर तरी माणसानं थांबावं की नाही? जपानमध्ये १९१० साली ओकिनावावर हाबू नावाच्या विषारी सापासाठी मुंगसं सोडली होती. तिथेही तोच घोळ, हाबू रात्री फिरणारा. तरी १९७९ साली अमामी बेटावर पुन्हा तीसेक सोडली! हाबूची आणि त्यांची गाठ क्वचितच पडली. गाठ पडली ती काळ्या सशाची, जो अमामी आणि शेजारचं एक बेट सोडून जगात कुठेच नाही. २००० सालापर्यंत तिसांची दहा हजारांच्या आसपास झाली. मग सरकारनं सापळे लावले, २००५ साली खास पथक नेमलं, वासावर माग काढणारी कुत्री शिकवली. शेवटचं मुंगूस २०१८ साली सापडलं. आणखी सहा वर्षं खात्री करून घेऊन, सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त जाहीर झालं. एकूण बत्तीस हजारांवर मुंगसं मारली गेली.

ससे पुन्हा वाढले, याचा आनंद आहे. मारणाऱ्यांनाही मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. पण त्या बत्तीस हजारांतल्या एकानंही बदलीसाठी अर्ज केला नव्हता. पंचतंत्रातल्या मुंगसाला मारून ती आई निदान रडली तरी होती.

हाबू मात्र अजून अमामीवर सुखरूप आहे. अंधार पडला की बाहेर पडतो.