सुटी तबकडी आणि सबंध संच



आजचा विषय वरवर पाहता बाजारातला वाटेल. दूरचित्रवाणीवर गाजलेली एखादी जुनी मालिका घरी ठेवावयाची झाली, तर तिच्या सुट्या सीड्या घ्याव्यात की सबंध संच घ्यावा, एवढाच हा प्रश्न. इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय प्रयोजन, अशी शंका कोणाच्या मनात आली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु लांबलचक कथा तुकड्यातुकड्याने घ्यावी की समग्र घ्यावी, हा प्रश्न सीडीबरोबर जन्माला आलेला नाही. तो आपल्या देवघरातल्या पोथीइतका जुना आहे, आणि पुढच्या पिढीच्या हाती काय उरेल हे बव्हंशी त्याच्या उत्तरावर ठरते.

प्रथम पोथीचेच उदाहरण घेऊ. श्रीधरकवींचे 'शिवलीलामृत' १७१८ साली पूर्ण झाले. त्याचे चौदा अध्याय. पण ज्या घरी चौदा अध्याय कधी कोणी सलग वाचले नाहीत, त्या घरीही अकरावा अध्याय नित्य वाचला जातो. 'गुरुचरित्रा'चा चौदावा अध्याय असाच लोकांनी निवडून काढलेला आहे. छापखाने आले तेव्हा प्रकाशकांनी ही आवड ओळखली, आणि सबंध पोथीच्या शेजारी अकराव्या अध्यायाची चिमुकली पुस्तिका दुकानात दिसू लागली. सुटी तबकडी आणि सबंध संच या दोन्ही वस्तू आपल्या बाजारात त्या दिवसापासून आहेत, असे म्हटले तरी चालेल.

मात्र एक गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात. सात दिवस ज्ञानेश्वरीचे पारायण चालते. त्या नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी असतोच असे नाही, आणि तो असण्याची गरजही कधी भासली नाही. सुटा अध्याय घराचा आणि सबंध ग्रंथ गावाचा, अशी ही वाटणी होती. कोणी ठराव करून ती केली नव्हती. ऐपत आणि भक्ती यांचा मेळ घालता घालता ती आपोआप पडली. पुढच्या सर्व विवेचनात या वाटणीकडे आपल्याला पुन्हा पुन्हा वळावे लागणार आहे.

विसाव्या शतकात समग्र वस्तू घरोघरी पोचविण्याचा मोठा प्रयत्न डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केला. त्यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड १९२९ पर्यंत पुरे झाले. एवढे काम सुट्या विक्रीवर उभे राहणे अशक्य होते. कारण उघड आहे. सुटे खंड विकावयास काढले तर लोक आपल्या विषयाचा खंड नेतील आणि बाकीचे छापखान्यात धूळ खात पडतील. म्हणून कंपनी काढून, वर्गणीदार आधी नोंदवून हा व्यवहार करावा लागला. संच घेणारा वर्गणीदार स्वतःला नको असलेल्या खंडांचेही पैसे भरतो, आणि त्याच पैशांवर ते खंड जन्माला येतात. संचाचे हे ऋण सहसा कोणी मानीत नाही.

ग्रामोफोनने याच्या नेमके उलट केले. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे काही मावत नसे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे; पण तबकडीवर चढायचे ते एकेक पद, तेही आटोपशीर करून. आपल्या आजोबांच्या पिढीने संगीत नाटक तबकडीवर ऐकले ते असे, वेचक पदांच्या रूपाने. गद्य गेले, मधली साधी पदे गेली, प्रसंगांचा धागा गेला. लाभ एवढा झाला की नाट्यगृहापासून दूर असलेल्या गावातही एखादे पद पोचले आणि तेथल्या पोरासोरांच्या तोंडी बसले.

'गीतरामायणा'ची कथा या दोहोंच्या मधली आहे. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले. आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीते. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचे संगीत. श्रोत्यांना ते तुकड्यातुकड्यानेच मिळाले, पण तुकडे क्रमाने मिळाले आणि एकही गळला नाही. पुढे लाँग-प्ले तबकड्या आल्या, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले, आणि फडक्यांच्या आवाजात दहा तबकड्यांचा संच निघाला. ज्याला तो परवडला त्याने घेतला. इतरांनी गणेशोत्सवात आणि रामनवमीला मंडपात ऐकला. येथेही पोथीची जुनी वाटणी कायम राहिली.

आता दूरचित्रवाणीकडे वळू. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मालिकांचा खरा बहर आला तो १९८४ नंतर. येथे आपली आणि अमेरिकेची रीत निराळी आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेत मालिका 'सीझन'ने मोजतात: शरद ऋतूत आरंभ, उन्हाळ्यापूर्वी समाप्ती, वर्षाला वीस-पंचवीस भाग. दूरदर्शनचा हिशेब तेराचा होता. आठवड्याला एक भाग धरला तर तेरा भागांत तिमाही भरते, आणि मंजुरीही तेरा, सव्वीस, बावन्न अशी मिळे. रामानंद सागर यांच्या 'रामायणा'ला आरंभी बावन्न भागांची मंजुरी होती. लोकांच्या आग्रहाने ती वाढत गेली आणि २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात अठ्ठ्याहत्तर भाग झाले. तेरा सक अठ्ठ्याहत्तर! शंकर नाग यांच्या 'मालगुडी डेज'चे पहिले एकोणचाळीस भागही तेराच्याच पाढ्यातले. सबंध संच म्हणजे कथेची नैसर्गिक अखंडता असे आपण समजतो. पण ती कथा कोठे तोडावी आणि कोठे जोडावी हे मुळात कचेरीतल्या मंजुरीने ठरविले होते, हे विसरता कामा नये.

या मालिका विकत मिळू लागल्या तेव्हा परदेशातही प्रथम सुटीच विक्री होती. 'स्टार ट्रेक' ही १९६६ ते १९६९ या काळातील अमेरिकन मालिका. तिचे भाग एकोणऐंशी. १९९९ ते २००१ या काळात त्या डीव्हीडीवर निघाल्या त्या सुट्या, एका तबकडीवर दोन भाग, अशा चाळीस तबकड्या. दरम्यान २००० साली 'एक्स-फाइल्स' या मालिकेचे सबंध पहिले वर्ष सात तबकड्यांच्या एका पेटीत आले. किंमत सुमारे दीडशे डॉलर. एवढे पैसे कोण देईल, असे वाटत होते. परंतु पेट्या खपल्या, आणि बाजाराचा कल फिरला. २००४ साली 'स्टार ट्रेक'देखील तीन वर्षांच्या तीन पेट्यांत बांधून आली. ज्यांनी आधी एकेक करून चाळीस तबकड्या जमविल्या होत्या, त्यांना तीच वस्तू पुन्हा नव्या वेष्टनात समोर दिसली. आवडते चार-दोन भाग हवे असणाऱ्याला मात्र सुट्या तबकड्यांची सोय तेवढी उरली नाही.

आपल्याकडे डीव्हीडीपेक्षा व्हीसीडी अधिक रुजली. ती स्वस्त होती आणि तिचे यंत्रही स्वस्त होते. तिच्यावर चौऱ्याहत्तर मिनिटे मावत. म्हणजे 'रामायणा'चे पस्तीस मिनिटांचे दोन भाग. या हिशेबाने सबंध मालिकेला एकोणचाळीस व्हीसीड्या लागतात, तर डीव्हीडीवर ते काम पंधरा-वीस तबकड्यांत होते. २००७ साली मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या व्हीसीड्या अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीड्या चौतीस रुपयांना विकावयास काढल्या, तेव्हा तबकडी ही चैनीची वस्तू राहिली नाही. पदपथावर चोरट्या प्रती तर त्याआधीपासून होत्याच, एकेका तबकडीवर पाच-पाच चित्रपट कोंबलेल्या.

शहापूर-मुरबाडच्या माणसाने या बाजारात काय घेतले असेल, हे समजण्यासाठी त्याच्या मिळकतीची तऱ्हा पाहावी लागते. शहापूरला आसनगावचे स्टेशन आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणला जायचे ते रस्त्याने. या दोन्ही तालुक्यांत मुख्य पीक भाताचे. पैसा हाती येतो तो दिवाळीच्या सुमारास, भात झोडून विकल्यावर. पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा येते तेव्हा त्यातला काही शिल्लक असतो, आणि बैल, घोंगडी, भांडीकुंडी यांच्या खरेदीत तो जातो. कातकरी कुटुंबे तर पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि तेथे आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात. ज्याचा पैसा आठवड्याला येतो, तो वस्तूही आठवड्याच्या मापाने घेणार. त्याने सुटी सीडी घेतली आणि हिशेबाने महाग पडणारा सौदा केला, असे शहरातला माणूस म्हणेल. परंतु एकरकमी पैसा हाताशी असणे हीच ज्याची श्रीमंती, त्याला संच स्वस्त पडतो. इतरांस तो स्वस्त असूनही घेता येत नाही. मीठमिरची पुडीने घेणाऱ्याला पोत्याचा भाव ऐकवून काय उपयोग?

शिवाय खेड्याने चित्र पाहिले ते बहुधा मिळूनच. जत्रेतला तंबूतला सिनेमा, नंतर गणपतीत किंवा बारशाला भाड्याने आणलेला व्हिडिओ आणि रात्रभर लागोपाठ तीन चित्रपट, आणि रविवारी सकाळी ज्याच्या घरी संच असेल त्याच्या ओटीवर जमलेले 'रामायणा'चे प्रेक्षक. यंत्र एकाचे आणि पाहणे सर्वांचे. पारायणाचीच ही रीत होती.

मग सुटी तबकडी बरी की संच बरा? माझ्या मते दोघांची कामे वेगळी आहेत. सुटी तबकडी आवड जपते. लोकांनी हजार वेळा मागितलेला भाग तिच्यामुळे हजार घरी राहतो, आणि एखादी प्रत नष्ट झाली तरी भाग मरत नाही. संच जपतो तो कोणी न मागितलेला भाग. सीतास्वयंवर आणि लंकादहन यांना गिऱ्हाईक नेहमीच मिळेल. मधल्या एखाद्या संथ भागाला मिळणार नाही. पण त्या संथ भागावाचून पुढच्या भागाचा अर्थ लागत नाही. आणि इतिहास लिहिणाऱ्यास तर बहुधा हा बिनमागणीचा भागच हवा असतो, कारण त्या काळचे घर, बोली, अंगणातले सामान यांचे सहज दर्शन त्यातच होते.

सबंध वस्तू कोणीच राखली नाही म्हणजे काय होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. चि. वि. जोशी यांच्या कथांवरील 'चिमणराव गुंड्याभाऊ' ही मालिका सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर आली. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ महाराष्ट्राच्या घराघरांत पोचले. आज त्या मालिकेचे बहुतेक भाग पाहावयास मिळत नाहीत. त्या काळी टेप महाग. एक कार्यक्रम पुसून तिच्यावर दुसरा घेण्याची रीत होती. इंग्लंडातल्या बी. बी. सी.नेही हेच केले आणि 'डॉक्टर हू' या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग गमावले. याउलट २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा पहिल्यापासून दाखविले. तेहतीस वर्षांनी ते दाखविता आले, कारण सबंध मालिका जपून ठेवलेली होती. दोन्ही मालिका लोकांच्या लाडक्या होत्या. लोकप्रियतेने त्या वाचल्या असत्या तर दोन्ही वाचल्या असत्या.

आज मालिका दूरध्वनीच्या पडद्यावर येतात, आणि ज्या कंपनीच्या कोठारात त्या असतात तिच्या मर्जीने निघूनही जातात. मोझर बेअरचे दिवाळे निघाले; व्हीसीडीचे यंत्र दुकानातून नाहीसे झाले; घरातल्या सीड्या शेतात पाखरे हाकण्यासाठी दोरीला लटकू लागल्या. त्या लखलखत्या तबकड्यांतच गावचे लग्न, सप्ताहाचे कीर्तन, ठाकर-वारल्यांचे नाच यांची चित्रणेही आहेत. त्यांचा संच कोणत्याही कंपनीने कधी काढलेला नाही आणि काढणारही नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे आणि ती आपल्याच परंपरेतली आहे. घराने आपल्या आवडीची सुटी तबकडी खुशाल ठेवावी. सबंध संच मात्र वाचनालयाने ठेवावा. १९६७ च्या कायद्याने आपल्या सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाचे पाठबळ मिळाले आहे. कल्याणचे वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आपली वाट दाखवीत उभे आहे. शहापूर आणि मुरबाड येथील वाचनालयांनी एक कपाट, एक चालू स्थितीतले यंत्र आणि एक नोंदवही एवढ्यावर आरंभ करावा. लोकांकडच्या सुट्या तबकड्या मागून घ्याव्यात, कोणत्या मालिकेचा कोणता भाग आला आणि कोणता उणा आहे ते वहीत मांडावे, आणि तबकडी खराब होण्याआधी तिची प्रत करून मूळ धन्याला परत द्यावी. दहा घरांतले दहा सुटे भाग एकत्र आले की बहुधा संचाच्या जवळ पोचता येते. गावच्या चित्रणांना तर हाच एक मार्ग मोकळा आहे, आणि यंत्रे दुर्मिळ होत चालली असल्यामुळे त्याला फार वर्षांची मुदत उरलेली नाही.