रोझा कान्नाबिखची शिकवणी

पाश्चात्य संगीताविषयीं आपल्याकडील सुशिक्षितांत, आणि खुद्द पाश्चात्यांतही, एक समजूत फार रूढ आहे. ती अशी कीं, पियानोवरील जलद भाग मेहनतीनें बसवितां येतो, परंतु सावकाश भागांत जो भाव ओतावा लागतो तो कोणी कोणास शिकवूं शकत नाहीं. तो ज्याच्या त्याच्या अंतःकरणांतच असावा लागतो. ज्याच्या बोटांत वेग आहे त्यास कष्टाळू म्हणावें, ज्याच्या विलंबित वादनानें डोळ्यांत पाणी उभें राहतें त्यास ईश्वरी देणगी आहे असें म्हणावें, आणि स्वस्थ बसावें, असा हा सोपा हिशेब आहे. आमच्या मतें तो चुकीचा आहे; आणि त्यास आधार म्हणून इसवी सन १७७७ च्या हिवाळ्यांत जर्मनींतील मानहाइम शहरीं एका मुलीस मिळालेल्या शिकवणीची हकीकत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. शिकविणारा वोल्फगांग मोझार्ट होता, आणि बापाच्या धाकामुळें त्यास वारंवार तपशीलवार पत्रें लिहावीं लागत. म्हणून ही शिकवणी आज आपणांस जवळून पाहतां येते. या कुटुंबाचीं पत्रें एमिली अँडरसन या विदुषीनें १९३८ सालीं तीन खंडांत इंग्रजींत आणलीं. तीं आम्हीं प्रथम वाचलीं तीं चरित्राच्या हौसेनें. पुन्हां काढलीं तीं मात्र एका निराळ्याच अडचणींत सांपडल्यावर. ती अडचण ओघानें येईल.

१७७७ च्या उन्हाळ्याअखेर मोझार्टनें साल्झबुर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडली, आणि सप्टेंबरांत आईस बरोबर घेऊन तो नव्या नोकरीच्या शोधांत निघाला. त्याचें वय एकवीस होतें. बाप लेओपोल्ड यास घरींच राहणें भाग पडलें, व तेथून तो टपालागणिक उपदेश करूं लागला आणि खर्चाचा हिशेब मागूं लागला. म्यूनिक, औग्सबुर्ग असें करीत मायलेंकरें ऑक्टोबरअखेर मानहाइमला पोचलीं. तेथील इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या दरबारचा वाद्यवृंद त्या काळीं सर्व युरोपांत नांवाजलेला होता. अगदीं हलक्या नादापासून पायरीपायरीनें चढत जाऊन सबंध दिवाणखाना भरून टाकण्याची त्याची हातोटी प्रवासी लोक घरीं जाऊन सांगत. या वृंदाचा प्रमुख ख्रिस्टियान कान्नाबिख. नोकरीची वाट त्याच्या घरावरून जाते हें मोझार्टनें ओळखलें, आणि चार नोव्हेंबरच्या पत्रांत बापास उघडच कळविलें कीं, या गृहस्थाची मैत्री जोडावी म्हणून त्याच्या मुलीसाठीं आपण एक सोनाटा रचीत आहों. त्याचा पहिला जलद भाग व मधला अँडान्ते तयार आहे, शेवटचा रोंडो तेवढा राहिला आहे. कोखेलच्या यादींत ३०९ या अंकानें ओळखला जाणारा सी मेजरमधील सोनाटा तो हाच. म्हणजे ज्या सावकाश भागाविषयीं आम्हांस लिहावयाचें आहे त्याचा जन्म नोकरीच्या खटपटींत झाला. यांत आम्हांस कांहीं कमीपणा वाटत नाहीं.

मुलीचें नांव रोझा. वयाचीं पंधरा वर्षें अद्याप पुरीं व्हावयाचीं होतीं. अँडान्ते कसा करणार, असें एका तरुण ओळखीच्यानें विचारलें तेव्हां, तो आपण रोझाच्या स्वभावाबरहुकूम बेतणार आहों असें मोझार्टनें सांगितलें. आणि तो तसा उतरल्याचें समाधानही त्यानें पुढें बापापाशीं व्यक्त केलें. चरित्रकारांनीं या एका गोष्टीवर पुष्कळ पीक काढलें आहे. मुलीचें चित्र म्हणजे प्रेम, प्रेम म्हणजे भाव, आणि भाव म्हणजे अँडान्ते, अशी ती सांखळी असते. आम्हांस त्याहून महत्त्वाचें वाटतें तें नोव्हेंबरच्या मध्यावर लिहिलेलें एक पत्र. त्यांत चित्रकार नाहीं, मास्तर आहे. मुलगी हुशार आहे, चटकन् शिकते, उजवा हात फार चांगला आहे, परंतु डावा पूर्वींच्या शिकवणीनें पार बिघडलेला आहे, असें तो लिहितो. ती दम लागेपर्यंत धडपडते हें पाहून त्यास तिची कींव येते. आपण तिचे कायमचे शिक्षक असतों तर तिचीं सगळीं पुस्तकें कुलुपांत ठेवलीं असतीं, पट्ट्यांवर हातरुमाल पसरला असता, आणि आधीं एका हातानें, मग दुसऱ्या हातानें, अगदीं सावकाश, हात पुरता वळणावर येईपर्यंत पलटे आणि मुरक्या यांखेरीज दुसरें कांहीं करूं दिलें नसतें, असें त्यानें तिच्या आईदेखत सांगितलें. ज्याच्याशीं मैत्री जोडावयाची त्याच्याच घरांत हें बोलण्यास धाडस लागतें.

याच पत्रांत अँडान्तेविषयीं जें म्हटलें आहे तें या सर्व प्रकरणाचें मर्म होय. हा भाग सर्वांत अधिक कष्ट देईल, असें तो कळवितो. कां, तर तो भावानें ओतप्रोत आहे, आणि म्हणून तो रुचीनें, आणि जोर व हळुवारपणा जेथें जसा लिहिला आहे तेथें तसा, बिनचूक वाजला पाहिजे. भाव आणि बिनचूकपणा हे दोन शब्द त्यानें एका दमांत उच्चारले. आपण म्हटलें असतें, भावाचा भाग आहे, तेव्हां खुणांकडे फार पाहूं नकोस, मन मोकळें सोड. मोझार्टनें नेमकें उलट सांगितलें.

तें समजण्यास वाद्याकडे वळलें पाहिजे. आपल्या पेटीचा सूर भाता हलत आहे तोंवर टिकतो. पियानोचें तसें नाहीं. हातोडी तारेवर पडली कीं लागलाच नाद उतरूं लागतो, आणि एकदां वाजविलेल्या सुरास मागाहून फुगवितां येत नाहीं कीं मींड देऊन पुढच्या सुराकडे नेतां येत नाहीं. त्या काळच्या पियानोंत तर लोखंडी सांगाडा नव्हता. तारा बारीक, हातोड्या लहान व कातड्यानें मढविलेल्या, त्यामुळें सूर आजच्यापेक्षां लवकर विझे. जलद भागांत हें वैगुण्य झांकलें जातें, कारण एक सूर मरण्यापूर्वीं दुसरा येतो; विलंबितांत तें उघडें पडतें. तेथें गाण्याचा भास निर्माण करावयाचा तो एकाच साधनानें, म्हणजे कोणता सूर शेजारच्या सुराहून किती जड वा हलका याच्या प्रमाणानें. क्लॅव्हिसिन वाद्यांत, पट्टी कितीही जोरानें दाबली तरी पीस तार सारखीच छेडीत असल्यामुळें, हें साधन जवळजवळ नव्हतेंच. मानहाइममध्यें मात्र घरोघर नवे पियानो झाले होते. मोझार्टची आई कांहीं संगीताची पंडिता नव्हती. पण डिसेंबरअखेर तिनेंही नवऱ्यास कळविलें कीं, येथें मुलगा साल्झबुर्गपेक्षां अगदींच निराळा वाजवितो, कारण येथें सर्वत्र पियानो आहेत आणि त्यांवर त्याचा हात विलक्षण चालतो.

आतां अँडान्तेच उघडून पाहावा. एफ मेजर, तीन मात्रांचा ताल, व माथ्यावर किंचित् विलंबित चालीची सूचना. ‘फोर्टे’ म्हणजे जोरानें आणि ‘पियानो’ म्हणजे हळू, या खुणा त्यांत इतक्या दाट आहेत कीं एकाच आवर्तनांत हात दोन दोन वेळां बदलावा लागतो. सुरांचे लहान लहान गट कमानीनें जोडलेले आहेत. अशा गटांतील पहिल्या सुरावर किंचित् भार द्यावा व पुढचे त्यास हळुवार जोडावे, हा नियम लेओपोल्डनें स्वतःच आपल्या १७५६ च्या व्हायोलिनच्या ग्रंथांत घालून दिला होता. आपण ‘माउली’ हा शब्द उच्चारतों तेव्हां तिन्ही अक्षरांवर सारखा घाव घालीत नाहीं, तसेंच हें. मूळ चाल पुनः पुनः परत येते आणि दर खेपेस नवे अलंकार लेवून येते. ते अलंकारही वादकाच्या मर्जीवर न सोडतां मोझार्टनें लिहून दिले. एकोणिसाव्या शतकांतील संपादकांनीं मोझार्टच्या सोनाट्यांतील अशा लहान कमानी पुसून त्यांच्या जागीं लांबच लांब कमानी टाकल्या, त्यायोगें बोलण्याचें नुसतें गुणगुणणें झालें. आमच्या समजुतींत जो दोष आहे त्याचा कांहीं भाग या संपादकांच्या पदरीं घालण्यास हरकत नाहीं.

आमची अडचण येथेंच उद्भवली. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबई सोडून जाणाऱ्या एका शेजाऱ्यांनीं आपला जुना उभा पियानो आमच्या घरीं ठेविला. आम्ही पन्नाशी ओलांडलेले, बोटें खडू धरण्यास सरावलेलीं. तरी नाद लागला, आणि स्वरलिपीचें जुजबी ज्ञान होतें त्यावर आम्हीं हा अँडान्ते हातीं घेतला. दोन महिन्यांत सूर बसले. आम्ही मोठ्या तन्मयतेनें वाजवूं लागलों. तबला शिकणारा आमचा पुतण्या एके दिवशीं म्हणाला, “काका, भाव फार आहे, पण ठेका कुठें आहे?” प्रथम राग आला. मग नुसता डावा हात वाजविला व वरची चाल तोंडानें म्हटली, तेव्हां पोराचें म्हणणें खरें असल्याचें कळलें. जेथें जेथें चाल गोड होई तेथें तेथें डावा हात तिच्यासाठीं खोळंबून राही. तोंडानें म्हणून पाहण्याची ही युक्ति आम्हीं स्वतः शोधली असें वाटून थोडा अभिमान झाला होता. पण फिलिप इमान्युएल बाख यानें १७५३ सालींच, गवयांना ऐकावें व चाल स्वतः गाऊन पाहावी, असा उपदेश करून ठेविलेला आहे.

तेव्हां पत्रें पुन्हां काढलीं, आणि मानहाइमला येण्याच्या आठवडाभर आधीं औग्सबुर्गहून लिहिलेल्या एका पत्रांत आमचेंच चित्र सांपडलें. तेथें पियानो बनविणाऱ्या स्टाइनची आठ वर्षांची मुलगी नानेट हिचें वादन मोझार्टनें ऐकलें. ती पट्ट्यांच्या मध्यभागीं न बसतां उंच सुरांच्या बाजूस बसते, डोळे फिरविते, तोंडें करते, आणि तोच भाग पुन्हां आला कीं अधिक सावकाश वाजविते, तिसऱ्यांदा आला कीं त्याहूनही सावकाश, अशी त्यानें तिची यथेच्छ टर उडविली. पुढें तो म्हणतो कीं, आपण तालास पक्के राहतों याचें येथील लोकांस नवल वाटतें. अँडाजिओमध्यें उजवा हात मागेंपुढें होतो तरी डाव्यास त्याचा पत्ता नसावा, हें त्यांच्या ध्यानांतच येत नाहीं, त्यांचा डावा हात उजव्याच्या मागें जातो. ख्याल ऐकणाऱ्यास हें नव्यानें सांगावयास नको. गवई बोल मागें ओढतो, पुढें लोटतो, पण तबलजी त्याच्यासाठीं थांबत नाहीं. थांबला तर समेला येण्यांत मौज ती काय राहिली? मोझार्टची मागणी अशी कीं, गवई आणि तबलजी हे दोघेही एकाच माणसाच्या दोन हातांत असावे. रोझाचा डावा हात बिघडलेला आहे ही तक्रार त्यानें कां केली, आणि अँडान्तेची त्यास धास्ती कां वाटली, हें येथें उलगडतें. ती भीति मुलीच्या अंतःकरणाविषयीं नव्हती. तिच्या डाव्या हाताविषयीं होती.

जातां जातां एक सांगणें न्यायाचें आहे. टिंगलीचा विषय झालेली ही नानेट पुढें नानेट स्ट्राइखर या नांवानें व्हिएन्नांतील अग्रगण्य पियानोकर्त्यांपैकीं एक झाली, आणि बेथोव्हेनची मोठी आधारदात्री ठरली. मास्तरांचीं भाकितें नेहमींच खरीं होतात असें नाहीं, हा अनुभव आमच्याही पेशांत आहे.

नोव्हेंबर संपला. सहा डिसेंबरच्या पत्रांत मोझार्ट कळवितो कीं, रोझानें सोनाटा उत्तम वाजविला, व अँडान्ते, जो जलद जातां कामा नये, तो ती शक्य तितक्या सर्व भावानिशीं वाजविते. तीन-चार आठवड्यांत मुलीचें अंतःकरण बदललें, असें कोणी म्हणणार नाहीं. इकडे सोनाट्याची प्रत टपालानें साल्झबुर्गला गेली, आणि सव्वीस वर्षांची बहीण नानेर्ल हिनेंही तो बसविला. तिच्याजवळ रचनाकार बसलेला नव्हता. कागदावरील खुणा होत्या व पाठीशीं बाप होता. बापाच्या कानास या रचनेंत मानहाइमच्या नखरेल रुचीचा अंश जाणवला, परंतु तो इतका थोडा कीं मुलाची स्वतःची शैली त्यामुळें बिघडली नाहीं, असा त्यानें निर्वाळा दिला. आम्हांस वाटतें, त्या दाट खुणांतच त्यास तो नखरा दिसला असावा. रोझास ज्या गोष्टी मोझार्ट शेजारीं बसून सांगत असे त्या नानेर्लला खुणांनीं सांगाव्या लागल्या, हें तो विसरला.

नोकरी मात्र मिळाली नाहीं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत इलेक्टरचा नकार आला. महिनाअखेर बव्हेरियाचा इलेक्टर निपुत्रिक वारला, कार्ल थिओडोर वारसाहक्कानें म्यूनिकला गेला, आणि दरबाराच्या मागोमाग वर्षभरांत वाद्यवृंदांतील बहुतेक मंडळीही गेली. मोझार्टनें मार्च १७७८ मध्यें पॅरिसची वाट धरली. तेथेंच जुलैंत त्याची आई वारली. निघण्यापूर्वीं, बारा मार्च रोजीं, कान्नाबिखच्या घरीं निरोपाचा जलसा झाला. त्यांत तीन पियानोंचा कॉन्चेर्टो तिघी मुलींनीं वाजविला, आणि त्यांत रोझा होती. त्यासाठीं तीन तालमी घेतल्या, व तो ठीक उतरला, असें मोझार्टनें पॅरिसहून बापास कळविलें.