भिंतीवरचा रूझवेल्ट

वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसापट्ट्यात भारतीय डॉक्टर असणं ही नवलाई नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेचं दार आशियाई माणसांसाठी खऱ्या अर्थाने उघडलं आणि ज्या गावांत जायला तिथले डॉक्टर नाखूष असत, तिथे आपल्याकडची तरुण मंडळी दाखल झाली. माझे काका त्यांतलेच. मिरजेला एमबीबीएस, शिकागोला पुढचं शिक्षण आणि मग थेट मॅकडॉवेल काउंटीतलं वेल्च. डोंगरांच्या बेचक्यात, टग फोर्क नदीला धरून वसलेलं गाव. सांगलीकडच्या सपाटीवर वाढलेल्या काकूची पहिली तक्रार थंडीची नव्हती, उन्हाची होती. डोंगर इतके अंगावर आलेले की सूर्य उशिरा दिसायचा आणि दुपार कलली की गडप व्हायचा.

खाणकामगारांची काळवंडलेली फुप्फुसं तपासता तपासता काका अमेरिका शिकले. घरी जाऊन पेशंट बघायचा त्यांचा शिरस्ता होता. "अगं, इथलं राजकारण समजून घ्यायचं तर टीव्ही लावू नकोस, लोकांच्या भिंती बघ," असं ते मला सांगायचे. बैठकीच्या खोलीत येशू, त्याच्या शेजारी फ्रँकलिन रूझवेल्ट आणि तिसरा फोटो दाट भुवयांच्या जॉन एल. लुईसचा, म्हणजे खाणकामगारांच्या युनियनच्या पुढाऱ्याचा. काही घरांत पुढे केनेडीची भर पडलेली. काका म्हणायचे, "सांगलीत घरोघर वसंतदादा असायचे ना, तसंच हे."

काकांच्या शेजारी एक निवृत्त खाणकामगार राहायचे. काकांना ते 'डॉक' म्हणत आणि आम्ही पोरं त्यांना आजोबा म्हणायचो. संध्याकाळी व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसून ते बोलत. दर चार वाक्यांनी खोकल्याची उबळ आली की थांबत आणि तुटलेलं वाक्य नेमकं तिथूनच पुढे नेत. व्हरांड्याच्या खांबाला झेंडा होता. पाऊस दिसला की बोलणं अर्धवट टाकून तो आधी उतरवायचा, ही त्यांची सवय.

आजोबांचे आजोबा रिपब्लिकन होते. का, तर लिंकनचा पक्ष म्हणून. व्हर्जिनिया गुलामगिरीवाल्यांच्या बाजूने फुटून निघाला तेव्हा डोंगराकडच्या काउंट्यांनी संघराज्याची बाजू धरली आणि २० जून १८६३ रोजी, ऐन यादवीत, हे वेगळं राज्य जन्माला आलं. ज्या राज्याचा जन्मच देश न सोडण्यातून झाला, तिथे लिंकनचा पक्ष हा आपसूक घरचा पक्ष होता. विचारसरणी वगैरे पुढच्या गोष्टी.

वडिलांची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्सला लढून आले आणि पुन्हा खाणीत उतरले. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगार कंपनीच्या पत्र्याच्या नाण्यांत, जी फक्त त्याच दुकानात चालत. युनियनचं नाव काढलं की सामान रस्त्यावर. १ ऑगस्ट १९२१ रोजी वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर सिड हॅटफिल्डला गोळ्या घातल्या गेल्या. मेटवानचा हा पोलीसप्रमुख खाणकामगारांच्या बाजूने उभा राहिला होता आणि मारणारे होते कंपन्यांचे भाडोत्री रखवालदार. महिनाअखेर हजारो खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून, बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर चालून गेले. शेरीफच्या माणसांनी वरून विमानांतून बाँब टाकले तरी ते हटले नाहीत. मग राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने लष्कर पाठवलं आणि लढाई थांबली. "बाबा सांगायचे, शेरीफवर गोळी झाडली, पण फौजेवर कशी झाडणार? तो गणवेश मीच तीन वर्षांपूर्वी घातला होता," हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. त्या बंडखोरांतले बरेच जण महायुद्धात लढलेले होते. कंपनीशी वैर म्हणजे देशाशी वैर नव्हे, हा हिशेब त्यांच्या मनात पक्का होता.

हेच वडील १९३३ नंतर डेमोक्रॅट झाले. रूझवेल्टच्या नव्या कायद्याने युनियन करण्याचा हक्क मान्य केला आणि जे बारा वर्षांपूर्वी बंदुकीने जमलं नव्हतं ते काही महिन्यांत सह्यांनी झालं. कोळसापट्टा लुईसच्या युनियनमध्ये आला. पुढे युनियनच्या निधीतून दवाखाने आले, पेन्शन आली. रूझवेल्ट भिंतीवर चढला तो असा.

आजोबा स्वतः कोरियात लढून आले आणि मग खाणीत. १९६० च्या प्राथमिक निवडणुकीत केनेडी या भागात फिरला. कॅथलिक उमेदवार, आणि राज्य जवळजवळ सगळं प्रोटेस्टंट. पण त्याच्यासाठी मतं मागायला रूझवेल्टचा मुलगा आला होता. आजोबांना धर्माचा प्रश्न तिथेच मिटल्यासारखा वाटला. केनेडी निवडून आला आणि मे १९६१ मध्ये देशातली नवी फूड स्टॅम्प योजना याच काउंटीत सुरू झाली. पंधरा माणसांच्या एका कुटुंबाला पहिले स्टॅम्प मिळाले आणि त्यांतून पहिली खरेदी झाली ती बीन्सच्या डब्याची. ही हकीकत काकू रंगवून सांगायची, पण आजोबा तेवढ्यापुरते गप्प व्हायचे. ज्या माणसांनी देशाचं पोलाद वितळवायला कोळसा दिला, त्यांना सरकारी कागदावर डबे घ्यावे लागले, याची सल होती. भाकरी मिळाली, मान गेला.

मान का गेला, याचं उत्तर आकड्यांत आहे. १९४० च्या दशकात या राज्यात सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते. कोळसा कापणारी यंत्रं आली, खुद्द लुईसने चांगल्या पगाराच्या बदल्यात ती स्वीकारली आणि १९६० च्या दशकात ही संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. पर्यावरणाचे कडक कायदे त्यानंतरचे. १९५० मध्ये लाखाच्या आसपास वस्ती असलेल्या मॅकडॉवेलमध्ये आज वीस हजारही माणसं उरलेली नाहीत. पण यंत्राला मत देता येत नाही आणि यंत्राविरुद्धही देता येत नाही. राग काढायला माणूस लागतो.

काका अमेरिकन नागरिक झाले तेव्हा मतदार नोंदणीच्या खिडकीवर त्यांना सल्ला मिळाला होता, "डॉक, डेमोक्रॅट लिहा. इथले निकाल प्राथमिक निवडणुकीतच लागतात." त्यांनी लिहिलं. अर्ध्या गावाचं डेमोक्रॅट असणं हे असंच होतं. पक्ष वारशाने मिळालेला आणि व्यवहाराने टिकलेला. १९८८ साली थोरल्या बुशने झेंड्यापुढच्या शपथेवरून डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिसला देशप्रेमात कच्चा ठरवायचा प्रयत्न केला आणि देशभर तो लागू पडला. वेस्ट व्हर्जिनियाने मात्र डुकाकिसलाच कौल दिला. ज्यांच्या घरचे जवान व्हिएतनाममध्ये लोकसंख्येच्या मानाने इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त संख्येने पडले, त्यांना देशप्रेमाचा दाखला कोणाकडून घ्यायची गरज वाटत नव्हती.

मग २००० साल आलं. डेमोक्रॅटांचा उमेदवार अल गोर पर्यावरणवाला आणि बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्यांतला. आजोबांनी पहिल्यांदा रिपब्लिकन माणसाला मत दिलं. राज्याचा कौलही त्या वर्षी रिपब्लिकनांनाच गेला. फ्लोरिडाच्या मतमोजणीवर जगभर चर्चा झाली, पण वेस्ट व्हर्जिनियाची पाच निर्वाचक मतं मिळाली असती तर गोरला फ्लोरिडाची गरजच नव्हती. २०१२ मध्ये तर डेमोक्रॅटांच्या प्राथमिक निवडणुकीत ओबामांविरुद्ध टेक्सासच्या तुरुंगातल्या एका कैद्याला ४१ टक्के मतं पडली. ओबामांच्या वर्णाचा त्यात वाटा होता का, असं काकांनी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, "काहींच्या बाबतीत, हो." आडपडदा नव्हता. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन बोलताना म्हणून गेल्या की आपण पुष्कळ खाणकामगारांचं काम बंद पाडणार आहोत. वाक्याच्या पुढे या लोकांना मदत करण्याची गोष्ट होती, पण मागचं तेवढं डोंगरभर फिरलं. त्याच वर्षी ट्रम्पने चार्ल्स्टनच्या सभेत खाणकामगाराचं हेल्मेट डोक्यावर चढवलं. खाणी काही परत उघडणार नाहीत, हे आजोबांना ठाऊक होतं. "पण टोपी तर घातली," ते म्हणाले. त्या निवडणुकीत ट्रम्पने राज्यातल्या पंचावन्नच्या पंचावन्न काउंट्या जिंकल्या. गंमत अशी की नोंदणीच्या कागदावर डेमोक्रॅटांची रिपब्लिकनांवरची आघाडी २०२१ पर्यंत टिकून होती. आजोबांच्या भिंतीवरचा रूझवेल्टही शेवटपर्यंत उतरला नाही.

हीच गोष्ट काकांच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई वेगळी सांगायच्या. त्या किंबॉलच्या, कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या लेक. याच खाणींत दक्षिणेतून आलेले हजारो कृष्णवर्णीय मजूर राबले. किंबॉलमध्ये १९२८ साली बांधलेली इमारत हे पहिल्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांचं देशातलं पहिलं स्मारक मानलं जातं. बाईंचे चुलते त्या युद्धात होते. त्यांचंही घर लिंकनमुळे रिपब्लिकन. १९३२ साली 'पिट्सबर्ग कुरियर'चे संपादक रॉबर्ट व्हान यांनी आपल्या लोकांना आवाहन केलं की लिंकनची तसबीर आता भिंतीकडे तोंड करून ठेवा, ते ऋण फिटलं. बाईंच्या वडिलांना ते पटायला आणखी चार वर्षं लागली. पुढे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सनची सही झाली आणि पक्षाचा प्रश्नच संपला. त्या कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये तासन्‌तास बोलणारा रॉबर्ट बर्डही याच राज्याचा आणि डेमोक्रॅटच होता, हे त्या विसरल्या नव्हत्या. पुढे त्याने जाहीर पश्चात्ताप केला, तोही त्यांनी मोजला. मेमोरियल डेला त्या चुलत्यांच्या कबरीवर झेंडा लावायच्या आणि नोव्हेंबरात डेमोक्रॅटांना मत द्यायच्या.

एक खाण, एक झेंडा, दोन पक्ष. दोघांच्याही बोलण्यात धोरणांची यादी कधी आली नाही. आला तो एकच प्रश्न: आमच्या घामाला देशाचं काम कोणी म्हटलं आणि कोणी नाही?

काकांचा अभिमान तिसऱ्याच गोष्टीचा होता. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं आणि ते दार किलकिलं व्हायला १९४६ उजाडलं, हे त्यांना पाठ होतं. तरी ते त्याच न्यायालयाचं कौतुक करत, कारण १९४३ चा निकाल. वेस्ट व्हर्जिनियाच्या शाळांत झेंड्याला सलामी सक्तीची होती. जेहोवाज विटनेस पंथाच्या बार्नेट बहिणींनी ती नाकारली आणि शाळेने त्यांना घरी पाठवलं. महायुद्ध ऐन भरात असताना, नेमक्या ध्वजदिनी, १४ जूनला न्यायालयाने सांगितलं की सलामीची सक्ती करता येणार नाही. तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला होता. "चूक सुधारता येते अशा देशाचा झेंडा आहे हा," काका म्हणत. आजोबांना तो निकाल आवडत नसे, पण त्यावरून दोघांची बोलचाल बंद पडली नाही.

गॅलपच्या २०२५ च्या पाहणीत अमेरिकन असल्याचा अत्यंत किंवा खूप अभिमान वाटतो असं म्हणणारे रिपब्लिकन ९२ टक्के निघाले आणि डेमोक्रॅट ३६ टक्के. व्हाइट हाउसमध्ये कोण बसलंय यावर डेमोक्रॅटांचा आकडा जास्त हलतो, रिपब्लिकनांचा कमी. या आकड्यांवरून एका पक्षाला देशभक्त आणि दुसऱ्याला देशद्वेष्टा ठरवणारे दोन्हीकडे आहेत. त्यांनी वेल्चच्या व्हरांड्यात बसायला हवं होतं. एकाला देशाने केलेल्या कामाचा अभिमान असतो, दुसऱ्याला देशाकडून करून घेतलेल्या दुरुस्तीचा. पाहणीतला प्रश्न मात्र दोघांना एकच विचारला जातो.

पक्ष माणसं सहज बदलत नाहीत. बदलतात ती आपल्याला मोजणारं कोणी उरलं नाही असं वाटल्यावर. आपल्या राबण्याला देशाच्या गोष्टीत जागा देणारा पुढारी त्यांना घेऊन जातो, मग तो खाण उघडो वा न उघडो. डेमोक्रॅटांनी मॅकडॉवेल गमावलं ते धोरणात नव्हे, बोलण्यात. आणि जिंकणाऱ्यांनी तिथे टोपीखेरीज फारसं काही नेलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे.