३ सप्टेंबर : शरद जोशी यांचा जन्मदिन
सातारा येथे १९३५ साली आजच्या दिवशी जन्मलेल्या आणि टपाल खात्याची व पुढे बर्न येथील जागतिक टपाल संघाची अधिकारपदे सोडून आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत उतरलेल्या शरद जोशी यांनी, शेतकऱ्याचे दारिद्र्य दैवाने नव्हे, सरकारी धोरणाने लादले आहे, हा जो सिद्धान्त मांडला, त्याचे मोल परभणी जिल्ह्याने रक्ताने चुकविले. १९८४ साली त्यांच्या शेतकरी संघटनेचे दुसरे अधिवेशन परभणीस भरले. आणि सरकारी एकाधिकार खरेदीच्या अमलात स्वकष्टाचा कापूस मर्जीनुसार विकण्याचीही ज्यास मुभा नव्हती, त्या कास्तकाराच्या हक्कासाठी १९८६ च्या डिसेंबरात सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी हुतात्मे झाले. तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेले सुरेगाव आज हिंगोली जिल्ह्यात मोडते.